दृश्य आत्मपरिचय, व्यक्तिगत संकेतस्थळावरील

दृश्य आत्मपरिचय, व्यक्तिगत संकेतस्थळावरील : स्वतःच्या नावाने किंवा स्वतःचे काम दाखवण्यासाठी उभारलेल्या संकेतस्थळावर छायाचित्र, कामाचे नमुने, रंग, अक्षरे आणि मोकळी जागा यांच्या साहाय्याने व्यक्ती आपली जी ओळख घडवते, तिला ही संज्ञा लावता येते. बोलताना अशा संकेतस्थळाला ‘पोर्टफोलिओ’ किंवा नुसते ‘माझी साइट’ म्हणतात. पाहणाऱ्याने एकही ओळ वाचण्याआधी त्याच्या मनात त्या व्यक्तीविषयी जो अंदाज तयार होतो, त्याला कारणीभूत ठरणाऱ्या सगळ्या गोष्टी या संज्ञेत येतात. चेहऱ्याचा फोटो हा त्यातला एक भाग झाला. काय दाखवायचे टाळले आहे, हेही त्यातच धरावे लागते. नाशिक आणि परिसरात लग्नाचे छायाचित्रकार, गोदाघाट रंगवणारे जलरंगचित्रकार, वास्तुविशारद, वकील, डॉक्टर आणि येवल्याचे पैठणी विणकर अशा परस्परांपासून दूरच्या व्यवसायांतील माणसे राहत असल्याने या विषयातील बहुतेक प्रश्न या एका शहराच्या उदाहरणांवरून समजून घेता येतात.

ही कल्पना वेबबरोबर जन्माला आली असे मानता येत नाही. दुकानाची पाटी, भेटपत्रिका, स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ बसून काढलेला फोटो आणि स्थळ पाहताना बायोडाट्यासोबत पाठवला जाणारा फोटो ही तिचीच आधीची रूपे होत. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण आणि मुद्रण या व्यवसायांत होते. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपट त्यांनी १९१७ च्या सुमारास केला आणि त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना दिसतात. आपले काम कोणत्या हातांतून येते हे दाखवून परिचय करून देण्याची ही रीत आजच्या पोर्टफोलिओतील ‘काम करतानाचा फोटो’ या प्रकाराशी थेट नाते सांगते, आणि स्टुडिओतल्या ताठ फोटोपेक्षा ती अधिक टिकाऊ ठरली आहे.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी सुरू केलेले पहिले संकेतस्थळ केवळ मजकुराचे होते. वेबवर चढलेल्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांपैकी एक, १९९२ मधील, त्याच संस्थेतील हौशी गायिकांच्या एका गटाचे होते. म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांच्या या माध्यमात छायाचित्राने प्रवेश केला तोही कलावंतांच्या प्रसिद्धीसाठी. १९९३ च्या मोझॅइक ब्राउझरमुळे मजकुराच्या सोबतीने चित्र दाखवण्याची पद्धत रूढ झाली, १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने सामान्य माणसाला फुकट पान दिले, आणि पुढे फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या तंत्राने हलती, संगीत वाजवणारी प्रवेशपाने उभी केली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला व त्यावर उभारलेले असंख्य पोर्टफोलिओ उघडेनासे झाले. २००३ मधील वर्डप्रेस ही संकेतस्थळ बांधण्याची प्रणाली आणि २००५ मधील बिहान्स हे कलाकाम मांडण्याचे व्यासपीठ यांनी तयार साचे उपलब्ध करून दिले. त्यामुळे साइट करणे सोपे झाले, आणि त्याच कारणाने अनेकांच्या साइट एकमेकींसारख्या दिसू लागल्या.

चेहरा दाखवावा की नाही, हा या विषयातील सर्वांत चर्चिला जाणारा प्रश्न आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी चेहरा केवळ १०० मिलिसेकंद दाखवला, तरी विश्वासार्हतेसारख्या गुणांविषयी लोक जे मत बनवत ते पुरेसा वेळ दिल्यावर बनवलेल्या मताशी बरेचसे जुळत असे. जास्त वेळ मिळाल्याने मुख्यतः त्या मताविषयीची खात्री वाढे. त्याच वर्षी कॅनडातील गिटे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी संकेतस्थळ आकर्षक आहे की नाही याबाबतचे मत ५० मिलिसेकंदांत बनू शकते असे दाखवले. या निष्कर्षांचा अर्थ पुष्कळदा ‘चेहरा असलाच पाहिजे’ असा लावला जातो, पण तसे त्यांतून निघत नाही. मत झटकन बनते एवढेच ते सांगतात. ते बरोबर असते असे सांगत नाहीत.

पारपत्रावरील, म्हणजे पासपोर्टवरील, फोटो आणि परिचयाचा फोटो यांतील भेद लक्षात घेतला तर बरेच घोळ टळतात. पारपत्रासाठी पांढरी पार्श्वभूमी, सरळ नजर आणि भावरहित चेहरा हवा असतो, कारण तेथे माणूस तोच आहे की नाही एवढेच तपासायचे असते. व्यक्तिगत संकेतस्थळावर पाहणारा पडताळणी करत नसून हा माणूस कसा आहे, याच्याशी काम करणे जमेल का, याचा अंदाज घेत असतो. तरीही ‘फोटो हवाच’ म्हणून पासपोर्ट साइज फोटो स्कॅन करून लावलेल्या साइट आजही सर्रास दिसतात. दुसऱ्या टोकाला चौकातील फ्लेक्सची छाया पडलेली असते: हात जोडलेली किंवा घडी घातलेली मुद्रा, मागे निळे-भगवे झोत आणि चेहऱ्याहून मोठे नाव. फ्लेक्स दुचाकीवरून जाणाऱ्यासाठी केलेला असतो, तर साइट हातातल्या फोनवर एकटा माणूस पाहत असतो. या अंतराचे भान सुटले की फोटो ओरडतो. फोटो अलीकडचा असणे हा साधा निकषही पुष्कळदा पाळला जात नाही. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोवरून ओळख ठेवून कॉलेजरोडवरील कॉफीच्या दुकानात भेटायला आलेला ग्राहक समोरच्या माणसाला ओळखू शकला नाही, तर पहिली काही मिनिटे त्या अवघडलेपणातच जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या गुळगुळीत प्रतिमांचाही हाच दोष आहे.

काही व्यवसायांत हा निर्णय पूर्णपणे व्यक्तीच्या हाती नसतो. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरने लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा फोटो छापणे ही आत्मप्रसिद्धी व म्हणून अनैतिक वर्तन मानले आहे, तसेच ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीविना वैद्यकीय नियतकालिकात छापण्यास मनाई केली आहे. वकिलांना जाहिरात करण्याची बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये संकेतस्थळाला मुभा दिली ती नाव, पत्ता, सनद क्रमांक, पात्रता आणि कामाची क्षेत्रे अशा ठरावीक तपशिलांपुरती, आणि त्या यादीत छायाचित्राचा उल्लेख नाही. अशा व्यक्तींच्या साइटवर अक्षरांची निवड, समास आणि पानाची शांतता यांनाच चेहऱ्याचे काम करावे लागते. हे बंधन अन्याय्य वाटले तरी दृश्यदृष्ट्या त्याचा परिणाम बहुधा चांगलाच होतो.

ज्यांचे कामच इतरांनी पाहण्याची वस्तू असते, त्यांच्या बाबतीत मात्र चेहरा दुय्यम ठरतो आणि निवड हाच खरा परिचय असतो. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांमुळे नाशिकला जलरंगाची परंपरा लाभली आहे, आणि शहरात शिकलेला चित्रकार गोदाघाटावर बसून रामकुंड, नारोशंकराचे मंदिर आणि काठावरच्या छत्र्या रंगवतोच. त्यामुळे घाटाची तीस चित्रे एकाखाली एक लावलेला पोर्टफोलिओ चित्रकाराविषयी फारसे काही सांगत नाही. तो घाटाविषयी सांगतो. त्याच घाटाची वेगवेगळ्या वेळी केलेली तीन चित्रे शेजारी ठेवली, तर या माणसाला प्रकाशात रस आहे हे न लिहिता कळते. छायाचित्रकारांच्या बाबतीत सिंहस्थाचे असेच होते. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या या मेळ्यातील भस्म फासलेले साधू आणि शाही स्नान यांच्या छायाचित्रांनी नाशिकच्या साइट भरून जातात, आणि पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांच्या साइटही त्याच चित्रांनी भरतात. तेव्हा स्थानिक छायाचित्रकाराची ओळख मेळ्यापेक्षा मेळा उठल्यानंतरच्या घाटात अधिक दिसू शकते. क्रमालाही अर्थ असतो: पहिले चित्र दार उघडते आणि शेवटचे लक्षात राहते, म्हणून दुबळे काम मध्ये दडवण्याचा सल्ला दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते दुबळे काम दडवण्यापेक्षा काढून टाकणे सोपे आहे.

वस्त्राच्या बाबतीत निवडीबरोबर रंगाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. पैठणीच्या रेशमातील चमक आणि जरीवरचा प्रकाश कोनागणिक बदलतो. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछाव पोतात तर एकाच फोटोत दोन्ही रंग पकडता येत नाहीत. त्यात प्रत्येक फोनचा पडदा रंग वेगळा दाखवतो. ब्राउझरमध्ये रंग शक्य तितके सारखे दिसावेत म्हणून चित्रे एसआरजीबी या रंगमानकात साठवतात, पण त्याने पडद्यांमधला फरक पुरता मिटत नाही. म्हणून जाणते विणकर झगमगाट टाळून खिडकीच्या उजेडातला एक साधा फोटो, पदरावरील मोराचा जवळून घेतलेला फोटो आणि पदराच्या मागच्या बाजूचा फोटो असे तिन्ही लावतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीची मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच स्वच्छ असते, तर यंत्रमागावरील नकलेच्या मागे सुटे धागे दिसतात. तो तिसरा फोटो विणकराच्या चेहऱ्यापेक्षा अधिक विश्वास मिळवून देतो.

मराठी संकेतस्थळांत अक्षर हा स्वतंत्र विषय आहे. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संगणकीय संकेतपद्धती रुळण्यापूर्वी साइटवरचा मराठी मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असे किंवा चित्र म्हणून चिकटवला जाई, आणि ती सवय नावाच्या पट्टीपुरती अजून टिकून आहे; परिणामी साइटवर नाव ठळक दिसते, पण शोधयंत्राला सापडत नाही. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रांसाठी जागा लागते, त्यामुळे रोमन लिपीसाठी आखलेल्या साच्यात मराठी मजकूर टाकला की ‘कर्तृत्व’ शब्दातील रफार वरच्या ओळीला आणि ऋकार खालच्या ओळीला चिकटतात. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीतील रूढ वळणांपेक्षा वेगळे आहेत. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नमूद केल्यास सोय असलेल्या फाँटमध्ये ही रूपे आपोआप येतात. मुंबईच्या एक टाइप या समूहाने केलेल्या ‘मुक्त’सारखे मोफत फाँट उपलब्ध असताना शीर्षकासाठी वेडीवाकडी सजावटी अक्षरे निवडण्याचे कारण उरलेले नाही, तरी लग्नपत्रिकेची सवय सहजी सुटत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगता येते. साइट बहुधा फोनवर पाहिली जाते, आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याची जी पद्धत ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये नाव देऊन मांडली, ती आता गृहीत धरली जाते. आडव्या फोटोत कडेला उभा असलेला माणूस उभ्या पडद्यावर कापला जातो, म्हणून मुख्य फोटो दोन मापांत काढून ठेवणे इष्ट ठरते. कॅमेऱ्यातून आलेला फोटो आकार कमी न करता चढवला, तर इगतपुरीच्या घाटात रेल्वेतून साइट उघडू पाहणाऱ्याला पांढरे पान दिसते. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर दिसणारी छोटी प्रतिमा वेगळी नेमून द्यावी लागते. १२०० बाय ६३० पिक्सेल हे तिचे प्रचलित माप आहे. ओळख व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत असल्याने पुष्कळांना साइटच्या आधी तीच प्रतिमा भेटते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे, आणि अंध वाचकासाठी प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन जोडावे लागते. ‘फोटो १’ हे वर्णन झाले नाही. ‘मागावर बसून पदर विणताना’ हे झाले.

हक्कांच्या बाबतीत गैरसमज बरेच आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असतो, परंतु पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणून स्टुडिओत पैसे मोजून काढलेला स्वतःचा फोटो साइटवर लावता येतो. उलट लग्नाच्या छायाचित्रकाराने वधूवरांचे फोटो आपल्या पोर्टफोलिओत लावण्याची मुभा बुकिंगच्या वेळीच लेखी घेणे शहाणपणाचे असते. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रियांचे फोटो ‘नाशिक’ या मथळ्याखाली लावण्याची प्रथा कायद्याच्या आधी सभ्यतेच्या कसोटीवर तपासायला हवी.

दृश्य आत्मपरिचय एकदा करून संपत नाही. कामाची दिशा बदलते, दाढी पांढरी होते, आणि वास्तुविशारदाच्या साइटवर अभिमानाने लावलेली गंगापूररोडवरील इमारत दरम्यान दुसऱ्याच रंगात रंगवली जाते. काही जण अशा वेळी जुना फोटो काढून टाकतात; काही जण त्याखाली वर्ष लिहून तो तसाच ठेवतात, आणि पाहणाऱ्याला आज दारात भेटणारा माणूस कोणत्या वाटेने येथवर आला हे त्यातून दिसते. जिओसिटीजची सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली तेव्हा स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातील पुष्कळ पाने उतरवून घेतली. आरंभीच्या काळात सामान्य माणसांनी स्वतःला कसे दाखवले, याचा अभ्यास आज बराचसा त्या वाचवलेल्या पानांवरून केला जातो.