वेबसाइटवरची शब्दसूची: काय लिहायचं, कुठे बिघडतं

शब्दसूची म्हणजे तुमच्या धंद्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ सांगणारी वेबसाइटवरची पानं. जमीन घेणारा माणूस गुगलवर ‘जमीन सल्लागार’ असं क्वचितच टाकतो. सातबाऱ्याचा उतारा हातात असतो आणि तो शोधतो ‘पोटखराबा म्हणजे काय’, ‘भोगवटादार वर्ग २ ची जमीन विकता येते का’, ‘३५ आर म्हणजे किती गुंठे’. उत्तर तुमच्या वेबसाइटवर सापडलं, तर तुमची ओळख तिथेच होते. दुसरा फायदा लिंकचा, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटने तुमच्या पानाकडे वाट दाखवण्याचा. ‘आमच्या सेवा’ या पानाला कोणी परका लिंक देत नाही. पण गृहकर्जावर लेख लिहिणाऱ्याला मध्येच थांबून ‘फेरफार’ समजावत बसायचं नसतं, तो चांगल्या पानाची लिंक देऊन पुढे जातो.

अशा शब्दसूच्या आम्ही व्यावसायिकांसाठी लिहून देतो. या पत्रकात जमिनीच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्यांचं उदाहरण घेतलं आहे. ठिबकचे विक्रेते, पैठणीवाले, सोलर बसवणारे यांनी आपापले शब्द घालून वाचावं.

शब्द कुठून काढायचे

सुरुवातीला २५ ते ३० पुरे. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक जे विचारतं ते आधी उतरवून काढा. त्यानंतर सर्च कन्सोल उघडा (तुमची साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन). तिथे मागच्या १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते, आणि लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. सातबारा, सात बारा, ७/१२, तेच इंग्रजी आकड्यांत, तेच रोमन लिपीत: ही सगळी एकाच शब्दाची रूपं आहेत. त्यांची पाच पानं करू नका. एकाच पानात ती सहज वाक्यात येऊ द्या. गोव्यातून विचारणा होत असेल तर मात्र वेगळी नोंद लागेल, कारण तिथे सातबारा नसतो, ‘फॉर्म एक व चौदा’ असतो.

एक नोंद जवळून

‘गुंठा’ घ्या. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट, म्हणजेच १०१.१७ चौ. मीटर, ४० गुंठ्यांचा एक एकर. एवढंच लिहिलंत तर ते पान वाया गेलं समजा. हे उत्तर गुगल वरच्या वर दाखवून टाकतं, खाली कोणी उतरत नाही.

आता पुढचं लिहा. उताऱ्यावर क्षेत्र ०.३५.५० असं दिसतं: शून्य हेक्टर, ३५ आर (एक आर म्हणजे १०० चौ. मीटर), ५० चौ. मीटर. म्हणजे ३,५५० चौ. मीटर, अर्थात ३८,२१२ चौ. फूट किंवा ३५.०९ गुंठे. बोलताना ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ असं सर्रास धरतात आणि सौदा साडेपस्तीस गुंठ्यांचा ठरतो. फरक सुमारे ४५० चौ. फुटांचा. गावाजवळच्या जागेत या फरकाची रक्कम डोळ्यांत भरण्याएवढी होते. हा हिशेब, सोबत छोटा तक्ता आणि उताऱ्याच्या त्या रकान्याचा फोटो (नावं आणि गट नंबर झाकून) असेल, तर त्या पानाला लिंक मिळण्यासारखं काही आहे.

नोंदीच्या पहिल्या ४०–५० शब्दांत सरळ उत्तर द्या. शब्द कागदावर नेमका कुठे दिसतो आणि लोक तो वाचताना कुठे फसतात, हे त्याखाली येऊ द्या. शेवटी दोन-तीन संबंधित नोंदींच्या लिंक आणि तुमच्या सेवेची एक ओळ. ‘आणेवारी’सारख्या शब्दाचे दोन अर्थ असतात, पिकाची पैसेवारी आणि जमिनीतला हिस्सा. दोन्ही एकाच पानावर द्या, कारण शोधणाऱ्याला कुठला हवाय ते आपल्याला कळत नाही.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन-दोन ओळींची दोनशे पानं. सर्च कन्सोलमध्ये ती ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ (गुगलने पाहिली, पण शोधात घेतली नाहीत) या रकान्यात पडून राहतात. मजकुराची घाऊक पानं पाडण्याविरुद्ध गुगलने मार्च २०२४ मध्ये धोरण आणखी कडक केलं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की एआयने. एआयकडून घेतलेल्या मजकुरात वर्ग १ (मोकळेपणी विकता येणारी जमीन) आणि वर्ग २ (विकायला परवानगी लागणारी) यांची गल्लत झाली, तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात भांडायला येईल. आमचा नियम साधा: २०० शब्दांचा ऐवज असेल तरच स्वतंत्र पान, बाकीचे शब्द एका मोठ्या पानावर. जुनी तुटपुंजी पानं एकत्र करताना ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पानाकडे वळवणं) लावायचं, नाहीतर आधी मिळालेल्या लिंक हवेत जातात.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर गुगलला तो मराठी म्हणून दिसतच नाही. युनिकोडच हवा. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत आणि आखूड ठेवावा. देवनागरी पत्ता कॉपी केला की अनेकदा प्रत्येक अक्षरचिन्हाचे नऊ वर्ण होतात. नुसत्या ‘सातबारा’चे ६३! व्हॉट्सॲपवर असली लिंक पाहून लोक बिचकतात.

‘मोजणी’ची नोंद आणि ‘मोजणी सेवा’ हे पान गुगलच्या शोधात एकमेकांच्या आड येऊ शकतात. नोंदीचं शीर्षक ‘मोजणी म्हणजे काय’ ठेवा. दर, मुदत, संपर्क हे सेवेच्या पानावर.

स्कीमाबद्दल (पानावर काय आहे ते गुगलला सांगणारा, वाचकाला न दिसणारा कोड) कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. ‘डिफाइन्ड टर्म’ स्कीमा आम्ही लावतो, पण त्याने गुगलवर काही वेगळं झळकत नाही. प्रश्नोत्तरांचा विस्तारित निकालही (शोधातच लिंकखाली प्रश्न-उत्तरं दिसणं) गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतांशी सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता मर्यादित केला.

लिंक कशा मिळतात

मागून, पण नेमकं मागून. वकील, आर्किटेक्ट, सीए, तालुक्याच्या बातम्या देणारे, यांना अख्खी शब्दसूची पाठवू नका. त्यांच्या एखाद्या लेखात ‘आर’ आणि ‘गुंठा’ आले असतील तर त्याच नोंदीची लिंक द्या आणि तक्ता श्रेय देऊन वापरायची परवानगी द्या. ‘५०० बॅकलिंक’ची (बाहेरून येणाऱ्या लिंकची) पाकिटं विकत घेऊ नका. विकत घेतलेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे देऊन घेतलेली) किंवा ‘नोफॉलो’ (ही लिंक शिफारस म्हणून धरू नका, असं गुगलला सांगणारी) खूण नसेल तर तो गुगलच्या नियमांचा भंग ठरतो. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंक २००७ पासून ‘नोफॉलो’ आहेत, तेव्हा तिथे घुसवाघुसवी करण्यात वेळ घालवू नये.

पहिले तीन-चार महिने आकडे हलके असतात. इम्प्रेशन (शोधात पान किती वेळा दिसलं तो आकडा) वाढून क्लिक जागच्या जागी राहिले, तर त्या नोंदीचं उत्तर वरच दाखवलं जात असावं. तिथे हिशेब किंवा फोटो वाढवायचा. नियम बदलला की नोंद दुरुस्त करून मगच ‘शेवटची तपासणी’ची तारीख बदला, नुसती तारीख बदलून काही होत नाही.

पहिल्या भेटीला येताना गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची यादी, नमुन्याचे दोन-तीन कागद आणि सर्च कन्सोलचा ॲक्सेस आणावा. मजकूर आम्ही लिहू. प्रत्येक नोंद छापण्याआधी तुमच्यापैकी जाणत्या माणसाने वाचून होकार द्यायचा आहे, तो माणूस कोण ते आधीच ठरवून या.