सर्व्हर स्लो झालाय? नवीन घ्यायच्या आधी हे वाचा

सोमवारी सकाळी आमच्याकडे येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "अहो सर्व्हर मेला, टॅली उघडतच नाय." रिमोटने आत जाऊन बघावं तर सर्व्हर काही मेलेला नसतो, जीव तोडून काम करत असतो, फक्त ते काम तुमचं नसतं.

ते असतं फाइल इंडेक्सिंग. विंडोजमध्ये विंडोज सर्च नावाची सर्व्हिस असते, ती मागच्या मागे एकेक फाइल उघडते, आतले शब्द वाचते आणि त्यांची सूची करून ठेवते, म्हणजे तुम्ही पार्टीचं नाव टाकलं की फाइल पटकन सापडावी. सोय चांगलीच आहे, पण साधी 7200 आरपीएमची हार्डडिस्क इकडची तिकडची वाचनं सेकंदाला शंभरच्या आसपासच करू शकते, त्यातली बरीचशी इंडेक्सरने खाल्ली की तुमच्या बिलाला थांबावंच लागणार.

यात एक गोम आहे. कुणी कीबोर्ड-माऊस वापरत असेल तर इंडेक्सर आपला वेग कमी करतो. पण सर्व्हर कोपऱ्यात एकटा, त्याच्या कीबोर्डवर धूळ, दहा जण नेटवर्कवरून काम करतायत त्याचा त्याला पत्ता नाही, त्याला वाटतं मालक जेवून आडवे झालेत, चला आपण काम उरकून घेऊ.

फोंड्याच्या एका सीए ऑफिसात नेमकं हेच झालं. शनिवारी जुन्या पीसीवरचे आठ-नऊ वर्षांचे स्कॅन आणि पीडीएफ सर्व्हरवर कॉपी केले, सोमवारपासून सगळं ठप्प, आणि 20 तारखेचं जीएसटी रिटर्न तोंडावर. कुणीतरी रॅम वाढवायला सांगितली होती, ती पण घालून झाली होती, फरक शून्य. आम्ही बघितलं तर सीपीयू निवांत, रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क 100 टक्के. नव्या फाइल्स आल्या म्हणून इंडेक्सर त्यांच्यावर तुटून पडला होता, एवढंच.

तुम्हीच बघा. सर्व्हरवर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जा, तिथून रिसोर्स मॉनिटर उघडा आणि डिस्कच्या टॅबवर टोटलच्या कॉलमवर क्लिक करा, जो सर्वात जास्त डिस्क खातोय तो वर येतो. सर्चइंडेक्सर किंवा सर्चप्रोटोकॉलहोस्ट दिसला तर चोर सापडला. अँटीव्हायरस किंवा बॅकअप दिसला तर त्यांची वेळ रात्रीची करून घ्या, तो वेगळा विषय.

चोर सापडला म्हणून लगेच सर्व्हिस डिसेबल करू नका हं. शेअर फोल्डरमध्ये तुमची माणसं सर्च करतात तेव्हा सर्व्हरवरची हीच सूची वापरली जाते, ती गेली की एक फाइल शोधायला अख्खा फोल्डर चाळला जातो आणि दुसरी बोंब सुरू. आधी विचारा, सर्च कोण वापरतं? कुणीच नाही असं उत्तर आलं तर खुशाल बंद करा.

वापरत असाल तर कंट्रोल पॅनेलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्सला जा, मॉडिफाय करून टॅलीचा डेटा, बॅकअप, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग या सगळ्यांवरच्या टिक-खुणा काढा, ते शोधायला कोण जातंय. मग अॅडव्हान्स्डमध्ये फाइल टाइप्सला ज्या फाइल्सचा आतला मजकूर नको त्यांना फक्त प्रॉपर्टीज (नाव, तारीख वगैरे) ठेवा. तिथेच रीबिल्डचं बटण आहे, त्याला ऑफिस टायमात हात लावू नका, सूची पहिल्यापासून बनायला लागते आणि त्या दिवसाचं काम गेलंच म्हणून समजा. तसंच ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधली इंडेक्सिंगची टिक काढली तर ती एकेका फाइलवर लागू होत जाते, लाखभर फाइल्स असतील तर तेच तासन् तास चालतं. ही कामं रविवारी नाहीतर चवथीच्या सुट्टीत.

सर्च हवंय पण दिवसा त्रास नको, अशांना आम्ही सर्व्हिस मॅन्युअलवर, म्हणजे सांगितलं तरच चालू होईल अशी ठेवतो आणि टास्क शेड्युलरने (ठरलेल्या वेळी काम करणारं विंडोजमधलंच टूल) रात्री 9 ला चालू, सकाळी 7 ला बंद करतो. डिसेबल्ड ठेवली तर शेड्युलरला ती चालूच करता येत नाही, ही चूक आम्ही स्वतः एकदा केलीय.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी जुनी, सर्व्हर धाडकन बंद, अशात सूचीची फाइल खराब होऊ शकते आणि मग सगळं इंडेक्सिंग परत पहिल्यापासून. त्यामुळे लाइट जाऊन आल्यावर सर्व्हर रखडला तर आधी इथेच बघा, आणि बॅटरी मे महिन्यातच तपासून घ्या.

हे सगळं करूनही डिस्क 100 वरच राहिली तर मग एसएसडीचं, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्कचं बोलू. फोन करताना रिसोर्स मॉनिटरमध्ये सगळ्यात वर कुणाचं नाव आहे ते वाचून सांगा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून पाठवा, आमचा अर्धा तास वाचतो.