बाहेरच्या लायब्ररीतलं फंक्शन आणि पॉइंटर: पार्श्वभूमी

सी भाषेतून तयार झालेली लायब्ररी, म्हणजे विंडोजवरची डीएलएल किंवा लिनक्सवरची एसओ फाइल, उघडून पाहिली, तर बाहेरच्यांसाठी तिच्यात फंक्शनचं नाव आणि मेमरीतला पत्ता (असा पत्ता साठवणारी किंमत म्हणजे पॉइंटर), बहुधा एवढंच असतं. आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायच्या किमती) किती, कोणत्या टाइपची, परत काय मिळणार, हे सगळं हेडर फाइलमध्ये. आणि हेडर वाचतो तो कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा. चालू प्रोग्रामला त्याची गंधवार्ताही नसते. दुसऱ्या भाषेतून असं फंक्शन कॉल करण्याची सगळी कटकट इथून सुरू होते.

प्रोग्राम चालू असतानाच लायब्ररी मागवायची सोय युनिक्सच्या जगात 1988 च्या सनओएस 4 या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डीएलओपन या फंक्शनच्या रूपाने आली. मग डीएलसिम या जोडीदाराला हव्या त्या फंक्शनचं नाव द्यायचं, तो व्हॉइड पॉइंटर, म्हणजे टाइप न सांगणारा पत्ता, परत देतो. गंमत म्हणजे असा पॉइंटर फंक्शन पॉइंटरमध्ये बदलून चालेल, याची हमी सीचं मानक देत नाही. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाने, ती वेगळी दिली. विंडोजवर हेच काम गेटप्रॉकअ‍ॅड्रेस करतं.

सामान्य प्रोग्रामरच्या हाती हे हत्यार दिलं ते व्हिज्युअल बेसिकने, 1991 पासून. बाहेरच्या फंक्शनची ओळख करून देणारी डिक्लेअरची एक ओळ लिहिली की विंडोजचं जवळपास कुठलंही फंक्शन हाताशी. पण बेसिक आर्ग्युमेंट मुळात संदर्भाने, म्हणजे किमतीऐवजी तिचा पत्ता देऊन, पाठवायचं. 'किंमतच पाठव' सांगणारा बायव्हॅल लिहायला विसरलात की विंडोच्या हँडलऐवजी (तिच्या ओळखक्रमांकाऐवजी), ते हँडल ज्या जागी ठेवलंय तिचा पत्ता जायचा आणि प्रोग्राम कोसळायचा. भाषेत पॉइंटर नव्हताच, म्हणून तो लाँग या पूर्णांकाच्या टाइपमध्ये कोंबायची सवय लागली. ऑफिस 2010 ची 64 बिट आवृत्ती आली तेव्हा ही सवय महागात पडली: 32 बिटांच्या लाँगमध्ये पत्ता मावेना. त्यासाठी लाँगपीटीआर हा टाइप आणि पीटीआरसेफ हा शब्द आणावा लागला.

पायथनसारख्या भाषांचा प्रोग्राम चालता चालता वाचणाऱ्या इंटरप्रिटरची अडचण याहून मूलभूत. सीमध्ये कॉल लिहिताना टाइप आधीच ठाऊक असावे लागतात. इंटरप्रिटरला ते आयत्या वेळी कळतात. शिवाय आर्ग्युमेंट पोचवायचा रिवाज प्रत्येक प्रोसेसरचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा निराळा. 64 बिट लिनक्सवर पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागांतून) जातात, विंडोजवर चारच. हे किचकट काम अँथनी ग्रीन यांच्या लिबएफएफआय या लायब्ररीने 1996 मध्ये अंगावर घेतलं: टाइपचं वर्णन द्या, प्रत्यक्ष कॉल असेंब्लीतून, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या भाषेतून, होईल. पायथनमधून सीची फंक्शन कॉल करू देणारं थॉमस हेलर यांचं सीटाइप्स याच लायब्ररीवर उभं आहे. 2006 मध्ये ते पायथन 2.5 सोबत आलं.

पण सीटाइप्सला न सांगितल्यास परतीचा टाइप इंट (32 बिटांचा पूर्णांक) आहे, असं ते धरून चालतं. मेमरी मागून तिचा पत्ता देणारं मॅलॉक कॉल करा आणि परतीचा टाइप सांगणारं रेसटाइप लावायचं राहू द्या: 64 बिटांच्या पत्त्यातले वरचे 32 बिट गळून पडतात. पत्ता योगायोगाने लहान निघाला तर टेस्ट बिनबोभाट पास होते. मला हा बग कोसळण्यापेक्षा वाईट वाटतो.

जावाने बराच काळ ही दारं बंदच ठेवली. 1997 च्या जेएनआय या जोडणीच्या पद्धतीत मधला सांधा सीमध्ये लिहावाच लागे. मार्च 2024 च्या जावा 22 मध्ये पनामा प्रकल्पाचा, बाहेरची फंक्शन थेट जावातून कॉल करू देणारा एपीआय पक्का झाला. सोबतीला जेएक्स्ट्रॅक्ट हे वेगळं साधन आहे, ते थेट हेडर वाचून वर्णन तयार करतं. तरीही वर्णन चुकलं तर अख्खं जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र, खाली येऊ शकतं. म्हणूनच यातल्या काही मेथड 'मर्यादित' ठरवल्या आहेत. परवानगीचा फ्लॅग न देता त्या वापरल्या की जावा इशारा छापतं.