काळा दिसला म्हणजे बेसाल्ट नव्हे

काळा, जड, ज्वालामुखीतून आलेला दगड दिसला की 'बेसाल्ट' म्हणून मोकळं व्हायचं, हे आपण सगळेच करतो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं, कारण महासागरांचे तळच बेसाल्टचे आहेत. पण ऑब्सिडियन हातात आला की हा आडाखा फसतो.

ऑब्सिडियन बेसाल्टपेक्षाही काळाकुळकुळीत असतो, पण तो आहे काच. फोडला की शिंपल्यासारखे वळणदार खळगे पडतात आणि कड इतकी धारदार निघते की बोट सांभाळावं लागतं. त्याचा पातळ कपचा उजेडासमोर धरून पाहा: कडेला काळा रंग विरतो, धुरकट उजेड पलीकडून दिसतो. काळेपणा येतो तो मुख्यतः लोहखनिजाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. त्यात सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) साधारण ७० टक्क्यांहून जास्त, म्हणजे रायोलाइट या फिकट राखाडी-गुलाबी ज्वालामुखी खडकाचाच तो सख्खा भाऊ!

खरी गोम या सिलिकातच आहे. बेसाल्टमध्ये ती ४५ ते ५२ टक्के. त्यामुळे सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा तो लाव्हा पातळ असतो, दूरवर वाहतो. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट होतो, आतला वायू कोंडतो आणि स्फोट होतात.

त्या स्फोटात फेसाळून थिजलेली काच म्हणजे प्युमिस. ओळखायला बादलीभर पाणी पुरतं. प्युमिस तरंगतो, त्याच्यासारखाच सच्छिद्र, पण काळा-तांबूस आणि जाड भिंतींचा स्कोरिया सहसा बुडतो. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या १८८३ मधल्या उद्रेकातला प्युमिस हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला होता.

बाकीच्या ज्वालामुखी खडकांसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, आणि दगडाची ताजी फोड. बाहेरची गंजलेली साल हमखास चकवते. बाटलीच्या काचेसारखे हिरवे दाणे दिसले तर ते ऑलिव्हिन हे खनिज, म्हणजे दगड बहुधा बेसाल्ट. राखाडी पार्श्वभूमीवर फेल्स्पार या खनिजाच्या पांढऱ्या चौकोनी पट्ट्या आणि हॉर्नब्लेंड या खनिजाच्या काळ्या सुया असतील तर अँडेसाइट म्हणायला हरकत नाही; त्यात सिलिका बेसाल्टपेक्षा जास्त, रायोलाइटपेक्षा कमी. थोडी जास्त सिलिका असलेला डेसाइट त्याच्या इतका जवळचा, की नुसत्या नजरेनं दोघांत फरक सांगणाऱ्यावर मी तरी पैज लावणार नाही. तिथे रासायनिक पृथक्करणच लागतं.

एक चकवा मात्र नवशिक्याला नेमका गाठतो. बेसाल्टवरचे पांढरे ठिपके स्फटिक वाटतात, पण अनेकदा ते वायूचे जुने बुडबुडे असतात. लाव्हा थिजल्यावर खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं त्यांत झिओलाइट किंवा कॅल्साइट अशी खनिजं भरलेली असतात. भिंगाखाली कडा पाहायची. लाव्हात वाढलेल्या स्फटिकाला सहसा सरळ बाजू आणि कोन असतात. भरलेल्या बुडबुड्याची कड गोल किंवा लांबट, आणि आत कधी कधी मधोमध पोकळी उरलेली.