वाड्याचा मालक: गूढ प्रेमकादंबऱ्यांतल्या धास्तीदायक नायकाची पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यातल्या माझ्या आजोळी, धाब्याच्या घरात, माडीवरच्या खोलीला कायम कुलूप असायचं. किल्ली आजोबांच्या कमरेला. सोळाव्या वर्षी त्या घरात आलेल्या आजीने ती खोली आतून पाहिली ती आजोबा गेल्यावरच. आत बियाण्याची पोती होती आणि एका डब्यात सावकाराच्या चिठ्ठ्या. त्यांतली एक आजीच्याच पाटल्यांची. पुढे जळगावला कॉलेजात 'जेन एअर' वाचली, तेव्हा रॉचेस्टर आपल्या वेड्या बायकोला, बर्थाला, जिथे कोंडून ठेवतो तो थॉर्नफील्ड वाड्याचा तिसरा मजला मला परका वाटला नाही.

ज्याच्यावर जीव जडावा त्याचीच भीती वाटावी, असा हा नायक घडायला बराच काळ लागला. होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'त (१७६४) गढीचा मालक उघड खलनायकच आहे. अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'त (१७९४) माँटोनी बायकोला बुरुजात कोंडतो, कारण ती आपली मालमत्ता त्याच्या नावावर करत नाही. ती मरते, तर तो तिच्या भाचीकडे, म्हणजे नायिकेकडे, सही मागतो. भाचीचा प्रियकर मात्र वेगळा, मऊ मनाचा. भीती एकाची, प्रेम दुसऱ्यावर.

मग १८१२ पासून इंग्रज कवी बायरनने पापाचं ओझं वाहणारा उदास, देखणा पुरुष लोकप्रिय केला. आणि १८४७ मध्ये ब्राँटे बहिणींनी, शार्लटने 'जेन एअर'च्या रॉचेस्टरमध्ये आणि एमिलीने 'वदरिंग हाइट्स'च्या हीथक्लिफमध्ये, ते दोन पुरुष एकाच देहात आणले. माझ्या मते खरं वळण हेच. त्या काळी इंग्लंडात लग्न झालं की बायकोचा पैसाअडका कायद्यानेच नवऱ्याचा होई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते बदललं. नवरा कसा निघेल ही धास्ती कवीकल्पना नव्हती. शार्लटला हे पक्कं ठाऊक असावं. जेन रॉचेस्टरकडे परतते ती काकाच्या वारशातले स्वतःचे पाच हजार पौंड गाठीला बांधून. कोंडलेल्या बर्थाची बाजू मात्र कादंबरीकार जीन ऱ्हिसने मांडली, तीही १९६६ मध्ये.

एरवी लेखणी नवऱ्याच्याच बाजूला झुकत राहिली. १९६० नंतर व्हिक्टोरिया होल्टच्या धाटणीच्या कादंबऱ्यांचा पूर आला: मुखपृष्ठावर अंधारातला वाडा, एकच उजेडाची खिडकी, पुढे पळणारी बाई. संशय मालकावर, गुन्हेगार शेवटी दुसराच. मालकावरचा संशय फिटला की त्याचा तुसडेपणा, लपवाछपवी, धाकदपटशा हेही माफ होतं, आणि मला तेच खुपतं. लेखिका-समीक्षक जोआना रस यांच्या १९७३ च्या लेखाचं शीर्षकच सांगतं: कुणीतरी मला मारायला टपलंय आणि तो माझा नवराच असावा.

डॅफ्ने द्यू मॉरिएच्या 'रेबेका'त (१९३८) तर नवरा निर्दोषही नाही. मॅक्सिमने पहिल्या बायकोला गोळी घातलेली असते. कबुली ऐकून दुसरीला हायसं वाटतं, की त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतंच! हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटात तो खून अपघात झाला, कारण बायकोचा खुनी मोकळा सुटलेला हॉलीवूडच्या आचारसंहितेला चालत नव्हता. आपल्याकडे ही कथा 'कोहरा' या हिंदी चित्रपटातून (१९६४) आली.

आजीला मी ही गोष्ट सांगितली होती. तिने एवढंच विचारलं, "पहिलीकडचं कोणी आलं नाही का गं विचारायला?"

आला होता, नात्यातला एक भाऊ. कादंबरीने त्याला दारुडा आणि पैसे उकळणारा दाखवला आहे.