विमान रंगवायला देताय? आधी गळती बंद करा

विमान कंपन्यांचे देखभाल अधिकारी पहिल्याच फोनवर विचारतात, "दिवस कमी करता येतील का? जुन्या रंगावरच मारून टाका की." जुना रंग घट्ट असेल तर तो हलका घासून वर नवा देता येतो. पण बोइंग ७३७ वरच्या रंगाचंच वजन शंभर किलोच्या पुढे जातं. थरावर थर चढवत गेलं की ते ओझं प्रत्येक उड्डाणात इंधन खातं. म्हणून आम्ही शक्यतो जुना रंग उतरवूनच काम करतो. अ‍ॅल्युमिनियमवर त्यासाठी रसायन चालतं. ए३५० सारख्या कार्बन फायबरच्या विमानाला मात्र जपून घासावं लागतं, कारण विजेपासून वाचवणारी तांब्याची जाळी रंगाच्या लगेच खाली असते. दिवस या तयारीत जातात, फवारणी त्या मानाने लवकर उरकते.

हातचे दिवस खरे वाया जातात ते विमान गळतं आल्यामुळे. चाकांच्या कप्प्यातून, पायलनपाशी (इंजिन पंखाला टांगणारा भाग) जांभळं स्कायड्रॉल, म्हणजे हायड्रॉलिक तेल, झिरपत असतं, पंखाखाली इंधनाचा ओला डाग असतो. "मॅन्युअलच्या मर्यादेत आहे," असं आम्हाला सांगितलं जातं. उडायला ते चालत असेल, रंगाला एक थेंबही चालत नाही. पत्रा धुऊन-पुसून प्रायमरसाठी तयार करावा, तर सकाळपर्यंत रिव्हेटांच्या ओळींतून आणि जोडांतून तेल पुन्हा वर आलेलं असतं. त्यावर प्रायमर धरत नाही. केबिनमधल्या हवेच्या दाबाने पत्रा दर उड्डाणात किंचित फुगतो, रिव्हेटांभोवतीचा रंग सुटू लागतो आणि तक्रार आमच्याकडे येते. म्हणून गळती दिसली की आम्ही काम थांबवतो. हँगरचं भाडं तुम्हाला चुकत नाही, हे आम्हाला कळतं. तरीही ओल्या पत्र्यावर आम्ही रंग मारत नाही.

तेव्हा गळती, सीलंट (जोड बुजवणारा लेप), पत्र्याची दुरुस्ती आधीच उरका आणि सीलंटला पुरतं सुकू द्या. "विमान उभंच आहे, तर तेवढ्यात" म्हणून रंगकामाच्या दिवसांत पॅनेल उघडायला माणसं पाठवू नका. रडर आणि एलेव्हेटर (शेपटीवरचे हलणारे भाग) रंगवल्यावर त्यांचा तोल तपासावा लागतो, तो वेळ वेळापत्रकात धरा. नाकावरच्या रेडोमला, म्हणजे रडारवरच्या टोपणाला, धातूची चमक असलेला रंग मागू नका, आतल्या हवामान रडारला तो आड येतो.

शेवटी मास्किंगचा, म्हणजे रंग लागू नये म्हणून चिकटवलेल्या टेप-कागदाचा, प्रत्येक तुकडा आम्ही मोजून काढतो, आणि स्टॅटिक पोर्ट (उंची आणि वेग दाखवणाऱ्या उपकरणांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी छिद्रं) तुमच्या इंजिनिअरला समोर उभं करून दाखवतो. १९९६ साली एरोपेरूचं ७५७ धुतल्यानंतर त्या छिद्रांवर टेप राहून गेली, विमान समुद्रात कोसळलं आणि ७० जण गेले. या तपासणीत आमच्यामागे घाई लावू नका.

स्लॉट पक्का केलात की दोन आठवडे आधी आमचा माणूस रात्रीच्या थांब्यात विमानतळावर येतो, चाकांचे कप्पे, पायलन आणि पंखांची खालची बाजू पाहतो आणि फोटोंसह गळतीची यादी देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. फोन करताना विमानाचा प्रकार आणि मागच्या रंगकामाचे कागद हाताशी ठेवा.