कुंडी रिकामी दिसली तरी फेकू नका
भुईचाफा, कळलावी, सोनटक्का नेणाऱ्या ग्राहकांसाठी

दिवाळीनंतर आमच्याकडे ठरलेला फोन येतो, "तुमचा भुईचाफा गेला हो!" तो गेलेला नसतो. थंडीत त्याची पानं पिवळी पडून वाळतात आणि कंद मातीत स्वस्थ पडून राहतो. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करा, वाळल्यावर बंद करा. कुंडी सावलीत सरकवून तिच्यावर नावाची चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी तिच्यात कोथिंबीर पेरतं. जीव राहवत नाही म्हणून रोज पाणी घालाल, तर कंद कुजेल.

उन्हाळ्यात, एकही पान नसताना, मातीतून थेट फूल वर येतं. अरुंद पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळी रुंद पाकळी आणि छान वास. एक फूल दिवसभरात कोमेजतं, पण पाठोपाठ दुसरं उमलतं. फूल दिसलं की थोडं पाणी सुरू करा. पानं मागाहून येतात: वर रुपेरी नक्षी, खालून जांभळट. आम्ही तर म्हणू, नुसत्या पानांसाठीही हे झाड लावावं. सकाळचं कोवळं ऊन त्याला पुरतं.

कळलावीचा कंद बेचक्यासारखा असतो आणि डोळा टोकाला. टोक मोडलं की ती बाजू फुटत नाही, म्हणून कंद जपून, आडवा, दोनेक इंच खोल लावा. पानाचं टोकच वळून आधार पकडतं, तेव्हा शेजारी बारीक काठी किंवा जाळी हवी. जाड बांबू त्याला धरता येत नाही. पावसाळ्यात फुलं येतात, आधी हिरवट-पिवळी, मग लालभडक.

पण हे झाड विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. त्यात कोल्चिसिन असतं. घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर कृपया नेऊ नका. हाताळल्यावर हात धुवा. कुणाच्या पोटात गेलंच, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठा.

सोनटक्क्याचं सोपं. मोठी कुंडी, भरपूर शेणखत आणि सतत ओल. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा, बाजूने नवे कोंब येतात.

सुटे कंद फक्त उन्हाळ्यात मिळतील. पावसाळ्यात कुंडीतली रोपं.